उपाशी कोपरा

वाकळीला कोपरे चार. पण विनोदिनीबाईंच्या कपाटात घडी घालून ठेवलेल्या वाकळीचा चौथा कोपरा वर्षभर उघडाच होता. कपाट उघडलं की तो दिसायचा, आतली जुन्या लुगड्यांची चिंधी जिभेसारखी बाहेर काढून. बाई नजर चुकवायच्या, इस्त्रीचं पातळ काढायच्या आणि दार लावायच्या.

ही वाकळ त्यांच्या टाका मंडळाची. मंडळ म्हणजे तरी काय, हौस. बाई निपाणीच्या शाळेतून निवृत्त झाल्या, हात रिकामे झाले आणि त्यांच्या सोप्यात चार बायका जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवायला बसू लागल्या. चाराच्या चाळीस झाल्या. त्यात वकिलाची बायको होती, सोसायटीतली कारकून होती, बेळगावहून महिन्यातून दोनदा गाडी काढून येणाऱ्या पाचसहा जणी होत्या आणि आठ जणी विड्या वळणाऱ्या. त्या आठांतली थोरली गुणाबाई. साऱ्या मंडळाला धावता टाका तिनंच शिकवला. विडीला दोरा गुंडाळून गुंडाळून तिची बोटं अशी सरावलेली, की सुई तिच्या हातात आली की कापडातून वाट काढत आपली आपण निघायची, जसं उसातून पाटाचं पाणी.

शिकवताना ती म्हणायची,

*धावता टाका घाल, नको ओढू दोरा फार*
*ओढल्या दोऱ्यापायी सुरकुतला संसार*

वर्षातून एकदा, संक्रांतीच्या आधीच्या रविवारी, मंडळाचा मेळावा असे. वर्षभरात शिवलेल्या वाकळी दोरीवर टांगायच्या, एकमेकींच्या टाक्यांना मनसोक्त नावं ठेवायची, पंगत करायची, आणि सगळ्यांनी मिळून एक सामाईक वाकळ पुरी करायची. मंडळातल्या ज्या घरी पुढं पाळणा हलेल, त्या घरी ती जायची. तिचा शेवटचा कोपरा मिटण्याआधी आत बोटभर भाकरीचा तुकडा ठेवून वरून शिवून घ्यायचा. वाकळ उपाशी ठेवायची नाही, उपाशी वाकळ ऊब देत नाही, अशी या भागातली जुनी समजूत. भाकरी शिवायचा मान गुणाबाईचा.

गेल्या वर्षी मेळावा मंगल कार्यालयात झाला. ती हौस भैरवीची. भैरवी बेळगावची, बँकेत अधिकारी, मंडळात सगळ्यांत धाकटी आणि सगळ्यांत झपाट्याची. सातवा महिना चालू असताना तिनं एकटीनं सगळं उभं केलं: कापडी फलक, खुर्च्यांना पांढरे अभ्रे, पनीरची भाजी, दोन गोड पदार्थ. वर्गणी माणशी साडेचारशे, जेवणासकट. फोटो फार सुंदर आले. पंगत उठल्यावर बाई कोपरा मिटायला म्हणून वाकळ घेऊन बसल्या, "गुणाक्का कुठाय?" म्हणाल्या, आणि तेव्हा कुठं त्यांच्या ध्यानात आलं, की गुणाबाईच नव्हे, आठांतली एकही आलेली नाही. जेवून होईपर्यंत ध्यानात आलं नाही, हेच बाईंना वर्षभर टोचत राहिलं.

भैरवीला मुलगी झाली. नाव तेजस्वी. वाकळ तिच्यासाठी ठरलेली. लेकरू पालथं पडलं, रांगायला लागलं, धरून उभं राहू लागलं, आणि वाकळ कपाटातच.

"द्या की तशीच काकू," भैरवी म्हणाली होती. "मी मशीनवर मारून घेते कोपरा."

"उपाशी वाकळ लेकराच्या अंगावर घालत नाहीत," बाई म्हणाल्या. "गुणाक्का येईल, कोपरा मिटेल, मग तुझी."

तर यंदा गुणाबाई आली पाहिजे, हे बाईंनी मनाशी पक्कं केलं. आणि पक्कं केलेल्या माणसाकडून होते तशी चूक त्यांच्याकडून झाली. डिसेंबर लागताच त्यांनी मंडळाच्या व्हॉट्सअॅपवर लिहिलं: 'मेळाव्याची वर्गणी गेल्या वर्षीइतकीच. आपल्या विडी कामगार भगिनींना मात्र प्रवेश आणि जेवण मोफत.' खाली हात जोडलेली चित्रं आली, फुलं आली. 'किती मोठं मन' असं वकिलीणबाईंनी लिहिलं. बाईंना बरं वाटलं. त्या चहा टाकायला उठल्या.

चहा उतू जायच्या आत गुणाबाईचा आवाज फोनवर आला. नातवाकडून बटण दाबून घेतलं असावं, कारण सुरुवातीला नुसता श्वास होता.

"बाई, मी गुणा बोलतोय. वाचून दावलं पोरानं. लई उपकार. एवढंच सांगा, वाडगं आमी घरनं आणायचं, का तितं मिळतंय?"

बस्स. बाईंनी ते तीनदा ऐकलं. चहाचं भांडं जळून काळं झालं.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास त्या गुणाबाईच्या गल्लीत गेल्या. उंबऱ्याशी ऊन आलं होतं आणि उन्हात गुणाबाई मांडीवर सूप घेऊन बसली होती. सुपात भिजवून कापलेली पानं, तंबाखू, दोऱ्याचं बंडल. तिनं मान वर केली नाही. पान, चिमूट, वळण, दोरा. पान, चिमूट, वळण, दोरा.

"या बाई. बसा की. सतरंजी हाय तितं, विकत घेतल्याली हाय."

टोमणा बरोबर बसला. बाईही बसल्या.

"चुकलं माझं, गुणाक्का."

"तुमचं कशाला चुकंल. तुमी शिकल्याल्या."

"वर्षभर वाट बघतेय तुझी. गेल्या साली का आली नाहीस?"

गुणाबाईनं एक विडी पुरी करून सुपाच्या कडेला ठेवली. "हजार वळल्या की अडीचशेच्या आतबाहेर पडत्यात हातात. तुमचं साडेचारशे. वर त्या दिशी वळायचं बुडतंय त्ये निराळंच. म्हंजे तीन दिवस मी हितं बसून पनीर वळायचं. पनीर मला आवडत न्हाय."

बाईंना हसू आलं. गुणाबाईला आलं नाही.

"म्हणून तर मोफत केलं ना गं."

आता मात्र गुणाबाईचे हात थांबले. तिनं बाईंकडं सरळ बघितलं.

"बाई, फुकट जेवल्यालं माणूस गप बसतंय. तुमास्नी ठावं न्हाय, तुमी कदी फुकट जेवलाच न्हाईसा. पैसं टाकून बसलं की म्हंता येतंय, भाजीत मीठ कमी हाय. फुकट बसलं की अळणी गिळायचं आनि वर म्हनायचं, लई झ्याक झालंय. मी तुमास्नी टाका शिकीवला. तुमचा टाका वाकडा गेला तर वाकडा म्हंतो. उद्या फुकट जेवून आल्यावर कोनत्या तोंडानं म्हनू?"

गल्लीच्या टोकाला भाजीवाला ओरडत होता. चाळीस वर्षं पोरांना उत्तरं शिकवलेल्या बाईंनी आता उत्तर तिच्याकडंच मागितलं.

"मग किती ठेवू, तू सांग."

"मला नगा इचारू. मला इचारून ठरीवलं तरी त्यो दर माजाच हुतोय, भिकारनीचा. भाकरीला काय लागतंय त्ये भाकरीचं घ्या. मांडवाचं पैसं भाकरीत मिसळू नगासा. आनि सगळ्यास्नी एकच."

"आणि मग येशील?"

गुणाबाईनं पुन्हा पान उचललं. "बघू."

वाटेनं परतताना बाई पुटपुटत होत्या: भाकरीचं भाकरीत, मांडवाचं मांडवात. घरी आल्या, गेल्या वर्षीचा कागद काढला आणि पहिल्यांदा नीट वाचला. साडेचारशेतलं जेवण निम्म्याहून कमी होतं. बाकीचं खुर्च्यांचे अभ्रे, फलक, दारातली फुलं, आणि कार्यालयाच्या अटीपोटी मोजलेली पण कुणी न जेवलेली साठ ताटं. न जेवलेल्या ताटांचे पैसे जेवणाऱ्यांनी भरले होते, आणि जिला ते जमलं नाही ती घरी राहिली होती.

शनिवारी सोप्यात बैठक बसली. भैरवी लेकराला कडेवर घेऊनच आली. तेजस्वीला सतरंजीवर सोडलं, तिनं लगेच दोऱ्याचं रीळ तोंडात घातलं.

"कार्यालय नको," बाईंनी सुरुवातच तिथून केली.

भैरवीचा चेहरा उतरला. "काकू, गेल्या वर्षी मी किती—"

"तू राबलीस, मला माहीत आहे. सातव्या महिन्यात राबलीस. पण आपला मेळावा वाकळीचा. चिंध्यांना काय करायचेत पांढरे अभ्रे?"

"स्वस्त केलं की लोक किंमत देत नाहीत, काकू. बेळगावच्या बायका वीस-पंचवीस कोस गाडी मारून येतात. त्यांना काहीतरी बरं नको?"

"महाग केलं, न जेवलेल्या साठ ताटांचेही पैसे घेतले, म्हणून आठ जणी आल्या नाहीत. त्या तुला दिसल्या नाहीत, मला दिसल्या नाहीत. त्यांचं घर इथनं हाकेवर आहे."

भैरवी वाईट मुलगी नव्हती. तिला मार्ग काढायची सवय होती, आणि तो बहुधा पाकिटातून निघायचा. "मग असं करू. त्या आठांचे मी भरते. कुणाला सांगायचं नाही. त्यांना वाटेल त्यांनीच—"

"गुणाक्काला कळेल."

"कसं कळेल?"

"अगं, पाठमोऱ्या बाईच्या सुईच्या आवाजावरनं ती टाका मोठा पडला हे ओळखते. तुझं तोंड तिला वाचता येणार नाही होय?"

वकिलीणबाई म्हणाल्या, "ऐपतीप्रमाणे दोन दर ठेवूया."

"ऐपत कोण विचारणार? दारात टेबल टाकून मी विचारू? नाही. दर एकच. पण दोन चिठ्ठ्या. एक आत यायची, एक जेवायची. आत यायच्या चिठ्ठीत जागा आणि दोरा. जेवायच्या चिठ्ठीत जेवण, आणि फक्त जेवण. जिला घरची भाकरी आणायची तिनं आणावी, त्याच पंगतीत सोडावी. वेगळी पंगत नाही."

"आणि पनीर?" भैरवीनं विचारलं.

"पनीर तुझ्या लेकीच्या बारशाला खाल्लंय सगळ्यांनी."

बायका हसल्या. भैरवीही हसली, पण मान हलवली नाही. "सांगा तर खरं, किती होतंय ते. मग बघू."

आकडा काढायला बाई दुसऱ्या दिवशी बोरगावच्या शालूबाईकडं गेल्या. शालूबाई पंचक्रोशीतल्या लग्नामुंजींचा स्वयंपाक करायची. तिच्या अंगणात बसून बाईंनी मांडलं: ज्वारी, डाळ, वांगी, तेल, गूळ, सरपण. चाळीस ताटं. झुणका, भाकरी, खारं वांगं, आमटी, भात, एक तीळगुळाची पोळी. माणशी साठ येत होते. बाई खुलल्या.

"साठात बसलं बघ शालूबाई!"

शालूबाई पदरानं तोंड झाकून हसली. "बसलं की. आनि माजं हात? ते काय देवळात ठिवून आलाय व्हय?"

बाईंचे कान तापले. गुणाबाईला स्वस्त पडावं म्हणून शालूबाईला फुकट राबवायला त्या निघाल्या होत्या. एका बाईची भाकरी स्वस्त करायची, तर ती दुसरीच्या पाठीवर भाजून नाही चालत. त्यांनी तिथंच शालूबाईची आणि तिच्या दोघी मदतनिसांची मजुरी धरली. ऐंशी झाले. ऐंशी तर ऐंशी. बाईंनी तो आकडा खाली रेघ मारून पक्का केला.

जागेचं राहिलं. आण्णाप्पा व्यापाऱ्याची तंबाखूची वखार नवा माल येईपर्यंत रिकामी पडलेली असते, हे निपाणीत कुणालाही ठाऊक. आण्णाप्पा बाईंचा जुना विद्यार्थी, त्यात तोंडाचा गोड.

"बाई, तुमच्याकडनं पैसे? तुमची वखार समजा. फुकट वापरा."

"फुकट नको रे."

"का?"

"फुकट घेतली तर छपरातनं माती पडली तरी बोलता येणार नाही मला."

आण्णाप्पानं डोकं खाजवलं. त्यानं घाऊक दलाल पाहिले होते, घासाघीस करून भाडं लावून घेणारी बाई पहिल्यांदाच पाहिली. "मग द्या आठशे. आणि झाडून मात्र तुमचं तुम्ही घ्या."

त्याच संध्याकाळी बाईंनी मंडळावर लिहिलं. या वेळी हात जोडले नाहीत की मन मोठं केलं नाही. 'मेळावा आण्णाप्पांच्या वखारीत. आत येण्याची चिठ्ठी तीस रुपये, सगळ्यांना. जेवणाची चिठ्ठी ऐंशी रुपये, सगळ्यांना. त्यात स्वयंपाक करणाऱ्यांची मजुरी आहे. घरची भाकरी आणणाऱ्यांनी पंगतीतच बसायचं आहे. खर्चाचा कागद दारावर चिकटवलेला असेल.'

फुलं आली नाहीत. बेळगावच्या एका सभासदानं लिहिलं, 'वखारीत काय शिंकायला यायचं?' आणि ती मंडळातून बाहेर पडली. मागोमाग तिची जाऊ. भैरवीनं काहीच लिहिलं नाही. आणि गुणाबाईकडूनही काही आलं नाही, नुसता श्वाससुद्धा नाही.

"फोन करून बघा," वकिलीणबाई म्हणाल्या.

"नाही," बाई म्हणाल्या. "दर सगळ्यांना एक, तसं बोलावणंही सगळ्यांना एकच. परत परत बोलावलं की ती पुन्हा वेगळी झाली."

रविवार उजाडला. आदल्या दिवशी सहा जणींनी वखार झाडली होती, तरी तंबाखूचा वास जमिनीतून उठत होता आणि आलेली प्रत्येक बाई आधी शिंकत होती, मग नमस्कार करत होती. तुळयांवरून दोऱ्या बांधून वाकळी टांगल्या. वरच्या पत्र्याच्या फटीतून उन्हाच्या काड्या खाली येत, आणि वारा सुटला की वाकळी हलत. वाटावं, जुन्या लुगड्यांतल्या साऱ्या आज्या-आत्या एकदम उठून बसल्यात. दारात टेबल, टेबलावर चिठ्ठ्या, दारावर खर्चाचा कागद. टेबलामागं बाई.

भैरवी आली. तिनं गाडीतून लेकरू उतरवलं, दारावरचा कागद खालपासून वरपर्यंत वाचला, बँकेत वाचत असेल तसा. मग एकशे दहा मोजून ठेवले.

"गेल्या वर्षीच्या साठ ताटांचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं काकू," ती हळू म्हणाली. "मी रोज लोकांना व्याज समजावून सांगते." आणि शिंकली.

अकरा वाजले. बारा वाजले. उघड्या कोपऱ्याची वाकळ मधोमध पसरली होती. बायका तिच्याभोवती बसून जुने टाके न्याहाळत होत्या, पण कोपऱ्याकडं कुणी बोट नेत नव्हतं. एक वाजता शालूबाईनं आतून हाक दिली, "पानं मांडू का? भाकरी निवंत्यात."

भैरवी बाईंजवळ वाकली. "थांबवू का थोडं?"

थांबव, म्हणायला किती सोपं. पण तीस जणींची भाकरी एका जणीसाठी निववायची, तर मग गुणाबाई पाहुणी झाली, मानाची झाली, काहीही झाली, बरोबरीची तेवढी झाली नाही.

"मांड," बाई म्हणाल्या. "वेळ म्हणजे वेळ."

पहिली पानं पडत होती तोच दारात सावल्या आल्या. आठ. पुढं गुणाबाई, ठेवणीतलं हिरवं लुगडं, बोटांना अजून तंबाखूचा तपकिरी रंग.

"हजारातल्या सकाळच्या वाट्याच्या तेवढ्या वळून आलो," ती कुणाला उद्देशून नाही अशी बोलली. "वळायचं कशाला बुडवायचं?"

ती टेबलाशी आली. बाईंकडं न बघता तिनं दारावरच्या कागदाकडं बघितलं. मागच्या नागुबाईला वाचता येत होतं, तिला म्हणाली, "वाच गं." नागुबाईनं ओळ न् ओळ वाचली. मागं बाकीच्या खोळंबल्या, तरी गुणाबाई हलली नाही.

"शालूचं हात धरल्यात न्हवं ह्यात?"

"धरलेत," बाई म्हणाल्या.

"पुरं?"

"तिनं सांगितले तेवढे."

गुणाबाईनं कनवटीची गाठ सोडली. शंभराची एक नोट, दहाची एक. दोन चिठ्ठ्या उचलल्या, निरखल्या आणि कनवटीला खोचल्या. मागच्या तिघींनीही दोन्ही घेतल्या, चौघींनी आत यायच्या चिठ्ठ्या तेवढ्या. त्यांच्या हातात फडक्यात बांधलेली भाकरी होती. त्या थेट पंगतीत जाऊन वकिलीणबाईंच्या शेजारी बसल्या, आणि पहिला घास पडायच्या आत वकिलीणबाईंनी त्यांच्या फडक्यातला लसणीचा खर्डा मागून घेतला.

बाई वाढायला उठल्या. आमटीचं भांडं त्यांनी दोन्ही हातांनी धरलं. गुणाबाईच्या पानात वाढलं, आणि नकळत तिथंच थांबल्या.

गुणाबाईनं भाकरी मोडली, आमटीत बुडवली, खाल्ली. सावकाश चावली. मग साऱ्या वखारीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"बाई, मीठ कमी हाय आमटीत."

आतून शालूबाई ओरडली, "कोन म्हंतंय गं?"

"मी म्हंतोय, गुणा! ऐंशी रुपयं दिल्यात मी!"

आणि मग जे हसू उसळलं ते पत्र्याला जाऊन लागलं. बाई मीठ आणायला वळल्या. डोळ्यांतलं पाणी पुसायला पदर मोकळा नव्हता. पण त्यांच्याआधी भैरवी उठली होती. तिनं मिठाची वाटी आणली, गुणाबाईसमोर उकिडवी बसली आणि तिच्या पानात बेतानं चिमूट सोडली.

"बास?"

"आनिक थोडं. हां."

पान उचलण्याआधी गुणाबाईनं आपल्या भाकरीचा बोटभर तुकडा बाजूला काढला. हात धुतला, वाकळीशी आली, चौथा कोपरा मांडीवर ओढला. उघड्या चिंधीवर वर्षाची धूळ होती. ती फुंकरीनं उडवली. गेल्या वर्षी बाईंनी घातलेल्या शेवटच्या टाक्यावर तिचं बोट थांबलं.

"ह्यो कुनी घाटला? ह्यो वाकडा हाय."

"मी," बाई म्हणाल्या.

"उसवा."

बाईंनी तिच्याजवळ बसून तो उसवला. गुणाबाईनं तुकडा आत सारला, सुई घेतली, आणि सुईबरोबर आवाजही लागला, दम लागलेला, पण सुरात:

*वाकळ शिवते बाई, चार कोपरं चार दिशी*
*उपाशी कोपऱ्याला ऊब यावी सांग कशी*

*भाकर मोडते मी माज्या घामाची, कष्टाची*
*लेकीला लागू दे गं ऊब हिच्या भरल्या पोटाची*

तेजस्वी रांगत आली, वाकळीच्या मधोमध बसली आणि शिंकली. गुणाबाईनं दात लावून दोरा तोडला.

"घे गं तुजी वाकळ," ती भैरवीला म्हणाली. "जेवून आलीया."